वॉकी-टॉकीमधील ट्रंकिंग कंट्रोलर सर्किट कसे काम करते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रंकिंग म्हणजे नेमके काय, आणि त्यासाठी हातातल्या संचात वेगळे सर्किट कशाला लागते?

साध्या वायरलेस यंत्रणेत प्रत्येक गटाला एक चॅनेल कायमचे नेमून दिलेले असते. त्या गटात कोणी बोलत नसेल तर ते चॅनेल रिकामे पडून राहते आणि शेजारच्या गटाचे चॅनेल भरलेले असले तरी त्याचा उपयोग होत नाही. ट्रंकिंगमध्ये सगळी चॅनेले एकत्र ठेवली जातात. ज्या गटाला बोलायचे आहे त्याला त्या क्षणी मोकळे असलेले चॅनेल दिले जाते आणि बोलणे संपताच ते परत घेतले जाते. डॅनिश गणिती एर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेलिफोनच्या तारांसाठी जे गणित मांडले, तेच येथे लागू पडते. शंभरपैकी दोन कॉल नाकारले गेले तरी चालतील असे धरले, तर ५ चॅनेलांचा साठा सुमारे १.६६ एर्लांग इतकी वाहतूक पेलतो (एक एर्लांग म्हणजे एक चॅनेल सतत व्यापून ठेवेल इतके बोलणे), तर १० चॅनेलांचा साठा सुमारे ५.०८ एर्लांग पेलतो. म्हणजे या उदाहरणात चॅनेले दुप्पट केली की क्षमता सुमारे तिप्पट होते.

हा फायदा मिळवायचा तर आपण कोणत्या वारंवारतेवर बोलणार हे वापरणाऱ्याला आधी ठाऊक असून चालत नाही. ते यंत्रणेचा मुख्य कंट्रोलर ठरवतो आणि संचाला कळवतो. हा निरोप सतत ऐकणे, तो आपल्यासाठी आहे की नाही हे ओळखणे आणि असल्यास काही मिलिसेकंदांत योग्य वारंवारतेवर जाऊन आवाज सुरू करणे, ही संचातील कंट्रोलरची कामे. निर्णय संचाचा नसतो, पण तो निर्णय वेळेत पाळण्याची सगळी जबाबदारी संचाची असते.

संचात “ट्रंकिंग कंट्रोलर” अशी एक वेगळी चिप असते का?

बहुतेक संचांत नसते. १९९० च्या दशकातील अनेक संचांत मोटोरोलाच्या ६८एचसी११ कुळातील मायक्रोकंट्रोलर असे. त्याच्या जोडीला प्रोग्रॅमची मेमरी, संचाची माहिती साठवणारी ईईप्रॉम, आवाज आणि सिग्नलिंग वेगवेगळे करणारी फिल्टर चिप आणि थोडे जोड-लॉजिक असे मिळून कंट्रोलर बोर्ड तयार होई. आताच्या संचांत हेच काम एका मोठ्या प्रोसेसरमध्ये आणि त्याच्या शेजारच्या डीएसपीमध्ये (सिग्नलवर आकड्यांनी गणित करणाऱ्या चिपमध्ये) सामावलेले असते. म्हणून ट्रंकिंग कंट्रोलर हा एक सुटा भाग न मानता, डिस्क्रिमिनेटरपासून (वारंवारतेतील बदलाचे व्होल्टेज बनवणारा रिसीव्हरचा भाग) सिंथेसायझरपर्यंत (हवी ती वारंवारता तयार करणारे सर्किट) जाणारा एक पूर्ण मार्ग मानावा. दुरुस्ती करणाऱ्याने तर तो तसाच पाहावा, कारण बिघाड या मार्गावर कोठेही असू शकतो आणि बाहेरून दिसणारे लक्षण मात्र एकच असते : “सेट सिस्टिम पकडत नाही.”

कंट्रोल चॅनेलवरील डेटा संच कसा वाचतो?

येथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण बाकीची सगळी इमारत यावर उभी आहे. मोटोरोलाच्या टाइप टू पद्धतीचे उदाहरण घेऊ. या पद्धतीत एक चॅनेल, म्हणजेच कंट्रोल चॅनेल, फक्त निरोपांसाठी राखलेले असते आणि त्यावर सेकंदाला ३६०० बिट या गतीने अखंड डेटा चालू असतो. रिसीव्हर त्या वारंवारतेवर असताना डिस्क्रिमिनेटरच्या बाहेर जे व्होल्टेज मिळते, त्यात हे बिट वर-खाली होणाऱ्या लहरीच्या रूपात असतात.

हा सिग्नल स्पीकरकडे जाणाऱ्या मार्गावरून घेता येत नाही. त्या मार्गावरील डी-एम्फसिस उंच वारंवारता दाबते, तेथील फिल्टर ३०० हर्ट्झच्या खालचे आणि ३००० हर्ट्झच्या वरचे सगळे कापतात, आणि अशा मार्गातून गेलेल्या ३६०० बिटच्या डेटाचे कोपरे इतके झिजतात की त्यातून बिट ओळखणे अवघड होते. म्हणून डिस्क्रिमिनेटरच्या लगेच पुढे, आवाजाच्या फिल्टरांच्या आधी, एक स्वतंत्र फाटा काढलेला असतो.

या फाट्यावर पहिला टप्पा डेटा स्लायसरचा. तो म्हणजे एक तुलना करणारे सर्किट : सिग्नल सरासरीच्या वर असेल तर एक, खाली असेल तर शून्य. पण ही सरासरी स्थिर नसते. रिपीटरच्या (संचांचा सिग्नल घेऊन तो पुढे पाठवणाऱ्या केंद्राच्या) आणि संचाच्या वारंवारतेत थोडा फरक असला की डिस्क्रिमिनेटरचे सरासरी व्होल्टेज सरकते, आणि चॅनेल बदलले की तो फरकही बदलतो. त्यासाठी सरासरी धरून ठेवणाऱ्या कपॅसिटरला दोन गती दिलेल्या असतात. संच नव्या चॅनेलवर उतरला की पहिले काही मिलिसेकंद तो वेगाने भरतो. एकदा पातळी सापडली की प्रोसेसर त्याला सावकाश गतीवर टाकतो, म्हणजे सलग बरेच शून्य आले तरी सरासरी त्यांच्यामागे ओढली जात नाही.

स्लायसरमधून निघालेल्या चौकोनी लहरीतून बिटांचा ताल शोधला जातो आणि मग चौकटीची सुरुवात ओळखली जाते. टाइप टूमध्ये एक चौकट ८४ बिटांची असते : ८ बिट ओळखीचे आणि ७६ बिट मजकुराचे. हिशेब केला तर एक चौकट सुमारे २३.३ मिलिसेकंदांत संपते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४३ निरोप. मजकुराचे शेजारचे बिट मुद्दाम एकमेकांपासून दूर पेरलेले असतात, त्यामुळे सिग्नल क्षणभर खड्ड्यात गेला तरी सगळी चूक एकाच ठिकाणी साचत नाही. बिट पुन्हा क्रमाने लावून आणि चुका दुरुस्त करून शेवटी हाती उरतात ते २७ बिट : १६ बिट पत्ता, १ बिट हा निरोप गटाला आहे की एकट्याला हे सांगणारा, आणि १० बिट आज्ञा किंवा चॅनेल क्रमांक. ७६ बिट पाठवून २७ बिटांचा आशय मिळवणे उधळपट्टीचे वाटेल, पण चालत्या वाहनातून, इमारतीच्या आडोशातून आणि खिशातल्या अँटेनावर हा निरोप पोहोचवायचा असतो, तेव्हा ही किंमत योग्यच म्हणावी लागते.

एमपीटी १३२७ च्या संचात हे सगळे वेगळे असते का?

तत्त्व तेच, पण सर्किट बरेच सोपे. एमपीटी १३२७ हे ब्रिटनमधील व्यापार आणि उद्योग खात्याने १९८८ साली प्रसिद्ध केलेले मानक. त्यात सेकंदाला १२०० बिट पाठवले जातात : ‘एक’ साठी १२०० हर्ट्झचा सूर आणि ‘शून्य’ साठी १८०० हर्ट्झचा. हे दोन्ही सूर माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यातच बसतात, त्यामुळे ते साध्या संचाच्या ऑडिओ मार्गातून सुखरूप जातात आणि वेगळ्या फाट्याची गरज उरत नाही. सीएमएल कंपनीची एफएक्स४२९ ही मॉडेम चिप याच कामासाठी बनवलेली होती. ६४ बिटांच्या प्रत्येक शब्दात ४८ बिट माहितीचे आणि १६ बिट तपासणीचे असतात. माझ्या मते ट्रंकिंग शिकू इच्छिणाऱ्याने सुरुवात याच पद्धतीपासून करावी : मानक सर्वांसाठी खुले आहे आणि स्पीकरवर ऐकू येणारी डेटाची खरखर ऑसिलोस्कोपवर पाहिली की एकेक बिट डोळ्यांनी वेगळा दिसतो.

पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचे) बटण दाबल्यापासून बोलण्याची परवानगी मिळेपर्यंत आत काय घडते?

बटण दाबल्याचे प्रोसेसरला कळते, पण साध्या संचाप्रमाणे ट्रान्समीटर तेथल्या तेथे सुरू होऊन माइक जोडला जात नाही. प्रोसेसर आधी माइकचा मार्ग बंदच ठेवतो आणि एक छोटा विनंती-निरोप तयार करतो : मी अमुक क्रमांकाचा संच, मला अमुक टॉकग्रुपशी (आपसात बोलणाऱ्या संचांच्या गटाशी) बोलायचे आहे. मग सिंथेसायझरला कंट्रोल चॅनेलच्या प्रेषण वारंवारतेवर नेले जाते, अँटेनाचा स्विच रिसीव्हरकडून ट्रान्समीटरकडे वळतो, पॉवर अँप्लिफायर चढतो आणि विनंती हवेत जाते. हे सगळे क्षणार्धात उरकून संच पुन्हा ऐकण्याच्या वारंवारतेवर येतो आणि उत्तराची वाट पाहतो.

मुख्य कंट्रोलरचे उत्तर कंट्रोल चॅनेलवरच येते आणि ते फक्त विनंती करणाऱ्यासाठी नसते. त्या टॉकग्रुपमधील प्रत्येक संच तोच निरोप वाचतो आणि सगळे एकाच वेळी त्या चॅनेलवर जातात. बोलणाऱ्या संचाचा प्रोसेसर ट्रान्समीटर सुरू करतो, परवानगीचा छोटा सूर वाजवतो आणि तेव्हाच माइक खुला करतो. ही सगळी फेरी साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत पूर्ण होते. टेट्रासारख्या डिजिटल पद्धतीत त्याहूनही लवकर. सूर ऐकू येण्याआधी बोललेले शब्द कोठेच पोहोचत नाहीत, कारण त्या वेळी माइक विद्युतदृष्ट्या जोडलेलाच नसतो. म्हणून नव्या माणसाला संच देताना “सूर ऐका, मग बोला” हे सर्वांत आधी सांगितले पाहिजे. आणीबाणीच्या वेळी वाक्यातला पहिला शब्दच सर्वांत महत्त्वाचा असतो.

सगळी चॅनेले भरलेली असतील तर व्यग्रतेचा सूर येतो आणि विनंती रांगेत राहते. चॅनेल मोकळे होताच संच परवानगीचा सूर वाजवतो. बटण पुन्हा पुन्हा दाबल्याने काहीही लवकर होत नाही.

दोन संचांनी एकाच क्षणी विनंती केली तर?

दोन्ही विनंत्या एकमेकींवर आदळतात आणि बहुधा दोन्ही वाया जातात. उत्तर ठरावीक वेळेत आले नाही की प्रत्येक संच यादृच्छिक काळ थांबून पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे दुसऱ्यांदा टक्कर होण्याची शक्यता कमी होते. एमपीटी १३२७ मध्ये कंट्रोल चॅनेल स्वतःच सांगत असते की पुढचे किती टप्पे (वेळेचे छोटे तुकडे) विनंतीसाठी मोकळे आहेत, आणि संच त्यांतला एक यादृच्छिकपणे निवडतो. गर्दी वाढली की ही संख्या वाढवली जाते.

निरोपात फक्त चॅनेल क्रमांक असतो, तर संचाला वारंवारता कशी कळते?

तो हिशेब प्रोसेसर करतो. अमेरिकेतील ८०० मेगाहर्ट्झ पट्ट्याच्या मूळ आराखड्यात शून्य क्रमांकाचे चॅनेल ८५१.०१२५ मेगाहर्ट्झवर येते आणि पुढचे प्रत्येक चॅनेल २५ किलोहर्ट्झने वर. समजा १०० क्रमांक आला. ऐकण्याची वारंवारता झाली ८५३.५१२५ मेगाहर्ट्झ आणि बोलण्याची ४५ मेगाहर्ट्झने खाली, म्हणजे ८०८.५१२५.

आता रिसीव्हरची पहिली मध्यम वारंवारता (आलेला सिग्नल मिश्रणाने ज्या ठरावीक वारंवारतेवर उतरवला जातो ती) ७३.३५ मेगाहर्ट्झ असेल आणि मिश्रणासाठी खालच्या बाजूचा ऑसिलेटर वापरला असेल, तर व्हीसीओ (व्होल्टेजने वारंवारता बदलणारा सिंथेसायझरमधील ऑसिलेटर) ७८०.१६२५ मेगाहर्ट्झवर न्यावा लागेल. सिंथेसायझरची संदर्भ पायरी ६.२५ किलोहर्ट्झ धरली तर भागाकाराचा आकडा येतो १,२४,८२६. प्रोसेसर हा आकडा तीन-चार तारांच्या सिरियल बसवरून सिंथेसायझर चिपला पाठवतो. बटण दाबताच त्याच जागी प्रेषणासाठीचा आकडा, १,२९,३६२, जातो. लूप फिल्टर क्षणभर रुंद करून व्हीसीओ चटकन जागेवर आणला जातो आणि मग आवाज स्वच्छ राहावा म्हणून तो पुन्हा अरुंद केला जातो. व्हीसीओ जागेवर बसल्याचा संकेत, म्हणजे लॉक, मिळेपर्यंत प्रोसेसर ट्रान्समीटरला चढूच देत नाही. हा नियम नसता तर चॅनेल शोधताना संच वाटेतल्या सगळ्या वारंवारतांवर शिंतोडे उडवत गेला असता.

संभाषण चालू असताना संच कंट्रोल चॅनेल ऐकत नसतो. मग कॉल संपल्याचे त्याला कसे कळते?

टाइप टू पद्धतीत आवाजाच्या चॅनेलवर आवाजाच्या खाली, कानाला न जाणवणाऱ्या पट्ट्यात, सेकंदाला १५० बिट गतीचा मंद डेटा चालू असतो. संच तो एका खालच्या फिल्टरमधून वेगळा काढून वाचत राहतो. त्यात आपल्या टॉकग्रुपचा क्रमांक दिसतो तोवर स्पीकर खुला. क्रमांक नाहीसा झाला किंवा दुसऱ्याचा आला की प्रोसेसर लगेच स्पीकर बंद करून कंट्रोल चॅनेलवर परततो. एखाद्या संचाला उशिरा सिग्नल मिळाला तर त्यालाही सामील होता यावे म्हणून कंट्रोल चॅनेलवर चालू कॉलची माहिती पुन्हा पुन्हा दिली जाते.

उलट दिशेने बोलणारा संच एक मंद सूर पाठवत असतो, उदाहरणार्थ १०५.८८ हर्ट्झचा. हा सूर ऐकू येतो तोपर्यंतच मुख्य कंट्रोलर चॅनेल राखून ठेवतो. येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इतक्या कमी वारंवारतेचा बदल व्हीसीओवर केला की सिंथेसायझरचा लूप त्याला चूक समजून पुसून टाकू पाहतो. म्हणून तोच सिग्नल संदर्भ ऑसिलेटरलाही (ज्याच्याशी सिंथेसायझर तुलना करतो त्यालाही) दिला जातो आणि दोन्हींचे प्रमाण जुळवले जाते. हे प्रमाण बिघडले तर आवाज अगदी खणखणीत असतो, पण बोलणे मध्येच तुटते. अशा संचाचा माइक आणि अँटेना बदलून काहीही साधत नाही.

कंट्रोल चॅनेल नसलेलीही ट्रंकिंग पद्धत असते का?

असते. ई. एफ. जॉन्सन कंपनीच्या एलटीआर पद्धतीत वेगळे कंट्रोल चॅनेल नाही. प्रत्येक रिपीटर आवाजाच्या खालून सेकंदाला ३०० बिट गतीने डेटा पाठवतो आणि मोकळा रिपीटर कोणता तेही त्यातच सांगतो. संच आपल्या ठरलेल्या ‘घरच्या’ रिपीटरवर कान देऊन बसतो. लहान यंत्रणेला हे स्वस्तात पडते, कारण एक संपूर्ण चॅनेल निरोपांत खर्ची पडत नाही.

डिजिटल संचांत कंट्रोलरचे काम कितपत बदलते?

बरेच. पी२५ या डिजिटल पद्धतीच्या कंट्रोल चॅनेलवर सेकंदाला ९६०० बिट असतात आणि ते दोन नव्हे तर चार पातळ्यांत लिहिलेले असतात : मध्य वारंवारतेपासून ६०० आणि १८०० हर्ट्झ, वर आणि खाली. साधा स्लायसर येथे पुरत नाही. डिस्क्रिमिनेटरचा किंवा त्याआधीचा सिग्नल आकड्यांत बदलून डीएसपीकडे दिला जातो आणि पुढचे सगळे गणिताने होते.

चार पातळ्यांमुळे वारंवारतेची अचूकता फार कळीची ठरते. संदर्भ ऑसिलेटरमध्ये दहा लाखांत २.५ इतकी चूक असेल तर ८५० मेगाहर्ट्झवर ती सुमारे २१२५ हर्ट्झ होते, आणि दोन शेजारच्या पातळ्यांत अंतर आहे फक्त १२०० हर्ट्झ. म्हणून संचात अधिक स्थिर ऑसिलेटर वापरतात आणि त्यावर बेस स्टेशनची वारंवारता प्रमाण मानून प्रोसेसर स्वतःची चूक सतत मोजून काढतो.

टेट्रा आणि डीएमआर या डिजिटल पद्धतींत वेळेचीही शिस्त येते. टेट्राच्या २५ किलोहर्ट्झच्या वाहकावर चार संभाषणे आळीपाळीने चालतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १४.१७ मिलिसेकंदांचा टप्पा येतो, डीएमआरमध्ये १२.५ किलोहर्ट्झवर दोन टप्पे, प्रत्येकी ३० मिलिसेकंदांचे. कंट्रोलरला पॉवर अँप्लिफायर आपल्या टप्प्यापुरताच चढवून वेळेवर उतरवावा लागतो. उशीर झाला तर शेजारच्या टप्प्यावर अतिक्रमण होते. फार झटकन चढवला तर शेजारच्या चॅनेलांवर गोंगाट पसरतो. म्हणून चढ-उताराचा आकारही मेमरीत साठवलेला असतो.

संचाच्या मेमरीत नेमके काय असते?

यंत्रणेचा क्रमांक, संचाचा स्वतःचा क्रमांक, परवानगी असलेल्या टॉकग्रुपांची यादी, कंट्रोल चॅनेलांची यादी आणि फॅक्टरीत केलेल्या जुळवणीचे आकडे. यातली शेवटची गोष्ट त्या एका संचापुरतीच खरी असते. दुसऱ्या संचावरून ती जशीच्या तशी उतरवणे चूक आहे. संचाचा क्रमांक यंत्रणेच्या चालकाने दिलेला असतो. तोच क्रमांक दोन संचांत असला तर दोन्हींच्या नोंदणीत गोंधळ होतो, आणि हरवलेला संच दूरवरून बंद करण्याची आज्ञा दिली तर ती दुसऱ्यालाही लागू पडते.

कंट्रोल चॅनेल हरवले तर संच काय करतो?

चुकांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की प्रोसेसर यादीतील पुढच्या कंट्रोल चॅनेलवर जातो, तेथे ओळखीचे बिट शोधतो, यंत्रणेचा क्रमांक जुळवून पाहतो आणि जुळला तरच थांबतो. काही सापडले नाही तर क्षेत्राबाहेर असल्याचा सूर देऊन तो शोधत राहतो. मुख्य कंट्रोलरच बंद पडला तर टाइप टू पद्धतीत रिपीटर साध्या रिपीटरसारखे चालू राहतात आणि प्रत्येक संच आपल्या नेमलेल्या वारंवारतेवर जाऊन बसतो; ही स्थिती चालू असल्याची आठवण अधूनमधून येणाऱ्या बारीक सुराने दिली जाते.

ट्रंकिंगमध्ये बॅटरी लवकर का उतरते?

साधा संच शांततेत रिसीव्हर थोडा वेळ बंद, थोडा वेळ चालू ठेवू शकतो. अखंड कंट्रोल चॅनेल वाचणाऱ्या संचाला तशी डुलकी घेता येत नाही, कारण नेमका त्याच वेळी त्याचा निरोप येऊन जाऊ शकतो. टेट्रात यंत्रणा आणि संच मिळून झोपेच्या वेळा ठरवतात, त्यामुळे तेथे बचत होते. सिग्नल कमकुवत असलेल्या जागी सतत चालणारा शोधही बॅटरी खातो.

प्रोसेसर स्वतःच रिसीव्हरला त्रास देतो का?

देऊ शकतो. त्याच्या घड्याळाच्या पटीतील एखादी वारंवारता नेमकी ऐकण्याच्या चॅनेलवर पडली तर त्या एकाच चॅनेलवर संच बहिरा वाटतो. पत्र्याच्या झाकण्या आणि पुरवठ्यावरील फिल्टर यासाठीच असतात. काही संचांत त्या चॅनेलपुरते घड्याळ किंचित सरकवण्याची सोयही असते.

ट्रंकिंग लागत नसेल तर तपासणी कोठून सुरू करावी?

पुन्हा प्रोग्रॅम भरण्याची घाई करू नये. आधी सर्व्हिस मॉनिटरवर (रेडिओ संच तपासण्याच्या उपकरणावर) संदर्भ ऑसिलेटरची वारंवारता पाहावी. संच आदळला असेल किंवा जुना झाला असेल तर ती सरकलेली असण्याची शक्यता बरीच असते. एक-दोन किलोहर्ट्झचा फरक आवाजात जेमतेम जाणवतो, पण डेटात मात्र चुका होऊ लागतात. ती बरोबर असेल तर डिस्क्रिमिनेटरच्या फाट्यावर ऑसिलोस्कोप लावावा. तेथे डेटा स्वच्छ दिसतो पण स्लायसरच्या बाहेर तुटक येतो, म्हणजे सरासरी धरणारा कपॅसिटर किंवा त्याचा गती बदलणारा स्विच संशयित. स्लायसरही ठीक असेल तर सिंथेसायझरचा लॉक संकेत पाहावा.

संच ऐकतो पण परवानगी मिळत नाही, हे लक्षण वेगळे. तेथे प्रेषणाची वारंवारता, डेटाचे डेव्हिएशन (वारंवारता किती वर-खाली होते ते) आणि पॉवर या क्रमाने मोजावे आणि त्यानंतरच संचाचा क्रमांक यंत्रणेत नोंदलेला आहे का, हे चालकाकडे विचारावे. परवानगी मिळून काही सेकंदांत कॉल तुटत असेल तर मंद सुराची पातळी मोजावी. कंट्रोलर बोर्ड बदलणे हा अगदी शेवटचा पर्याय, आणि तो बदलला तर डेव्हिएशन, मॉड्युलेशनचे प्रमाण, पॉवर आणि संदर्भ वारंवारता ही सगळी जुळवणी त्या संचावर नव्याने करावी लागते, कारण नव्या बोर्डाच्या मेमरीतील आकडे या संचाच्या रेडिओ भागासाठी मोजलेले नसतात.